दुसऱ्या खिडकीतली राणी

पवित्र अवशेषांवरचा आपल्याकडचा कुठलाही लेख काढा, तो जुन्या गोव्यात बोम जेझू चर्चच्या दारात सुरू होतो आणि तिथेच संपतो. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, शव मलाक्काहून मार्च १५५४ मध्ये गोव्यात आले, १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून काढून रोमला नेला, हे वाचकांना पाठ आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे १५६३ चे नियम, अवशेषांचे वर्ग, त्यांचे मोहोरबंद दाखले यांवरही पुष्कळ लिहून झाले. मी चाळीस वर्षे सांगतो आहे ते वेगळेच: तिथून चढण चढून मोन्ती सांतू टेकडीवर या.

तिथे ऑगस्टिनियन मठाचा अर्धा मनोरा उभा आहे. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये वर्षानुवर्षे कैदेत ठेवले. धर्म सोडीना, म्हणून १६२४ मध्ये हाल हाल करून मारले. शिराझमधल्या ऑगस्टिनियन पाद्रींनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही १६२७ मध्ये या मठात आणल्या. जागा कागदोपत्री नोंदली होती: चॅप्टर चॅपेलची दुसरी खिडकी, तिथली दगडी पेटी. पुढे १८३५ मध्ये मठ बंद झाले, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा गेला. कागद तेवढे टिकले. त्यांच्या आधाराने पुरातत्त्व खात्याने खोदले आणि २००४ मध्ये उजव्या हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला. आईकडून येणारा त्यातला वंशगट हजारो भारतीय नमुन्यांत आढळला नाही. जॉर्जियातल्या तीस जणांपैकी दोघांत आढळला.

राणी कॅथलिक नव्हती, मग कॅथलिक अवशेषांच्या आढाव्यात ती कशाला, असे आमच्यातले काही अभ्यासक विचारतात. याच कारणाने एका संपादकांनी माझा लेख परत केला होता. मला हा आक्षेप कोता वाटतो. राणी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची होती, हे त्या पाद्रींना ठाऊक होते. तरी त्यांनी तिला हुतात्मा मानले, अस्थी समुद्रापार आणल्या आणि जागा लिहून ठेवली. अवशेषाची भक्ती म्हणजे नुसते गुडघे टेकणे नव्हे. ही राखणही भक्तीच आहे.

ती राखण आता विरळ होत चालली आहे. संत झेवियरच्या १९७४ च्या शवप्रदर्शनाला मी आईबरोबर रांगेत होतो. बायका ओठांतल्या ओठांत रोझरी म्हणत होत्या, पेटीपाशी पोहोचल्यावर आईने काचेला बोटे लावून ती कपाळाला टेकवली. २०२४ च्या प्रदर्शनात माझ्या पुढचा मुलगा पेटीकडे पाठ करून फोटो काढून घेत होता. संताकडे त्याने पाहिलेच नाही. फार वाईट वाटले.

जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राणीच्या अस्थींचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. बातमी वाचून मी भर पावसात मोन्ती सांतूवर गेलो. जांभ्यावर शेवाळ दाटले होते. दुसरी खिडकी कुठली ते पहारेकऱ्याला माहीत होते. छत्री माझ्या डोक्यावर धरून तो मला तिथवर घेऊन गेला.