कापसाचा तंतू, काळी माती आणि यंत्राचे तोंड

दिवाळीच्या आगेमागे भडगाव तालुक्यात वेचणीचा कापूस घरी येऊ लागतो. भाव पडलेला असेल तर शेतकरी तो लगेच विकत नाही. पुढच्या खोलीत गंजी लागते, ती पुरली नाही तर निजायच्या खोलीत, आणि माणसे ओसरीवर किंवा उरलेल्या कोपऱ्यात अंथरूण टाकतात. घरात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटते, ही तक्रार जळगाव जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अनेकदा ऐकू आली आहे. त्या घरात केर काढणे हे वेगळेच काम असते. पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या जाळीत, गादीच्या शिवणीत, शिलाई मशीनच्या चाकाखाली सगळीकडे तंतू अडकलेला असतो. केरसुणी फिरवली की तो उडतो आणि केर काढणारीची पाठ वळताच पुन्हा खाली बसतो.

अशा घरासाठी हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा आणि पुढचे तोंड काढता-घालता येणारा व्हॅक्युम क्लीनर चैनीचा म्हणता येणार नाही. शहरातल्या सदनिकेपेक्षा त्याची गरज इथे जास्त आहे. अडचण एवढीच, की हे यंत्र सहसा कापसाची गंजी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले नसते.

खान्देशातला केर दोन टोकांचा असतो. एका टोकाला कापसाचा तंतू: लांबी साधारण 28 ते 30 मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. दुसऱ्या टोकाला गिरणाकाठच्या काळ्या जमिनीची धूळ. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि मृदाशास्त्र चिकणमाती म्हणते ती 2 मायक्रॉनहून बारीक कणांना, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. लांब तंतू यंत्राचे तोंड बुजवतो आणि बारीक माती आतली गाळणी बुजवते. दोन्ही सांभाळेल ते यंत्र इथे टिकेल.

यंत्र केर ओढते असे आपण म्हणतो, पण खरे काम बाहेरची हवा करते. आतला पंखा हवा मागे फेकतो, तोंडाशी दाब थोडा कमी होतो आणि बाहेरची हवा त्या पोकळीकडे धावताना केर सोबत घेऊन जाते. विहिरीवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. मोटार पाण्यापासून फार उंच ठेवली तर ती पाणी उचलत नाही, कारण पाणी वर ढकलते ते वातावरण, आणि त्याचे बळ पाण्याच्या सुमारे 10 मीटर उंचीपुरतेच असते. हातातल्या छोट्या व्हॅक्युम क्लीनरची ताकद यापुढे फारच थोडी. 5 हजार पास्कल असा आकडा खोक्यावर असेल, तर ते यंत्र पाणी उचलेल जेमतेम अर्धा मीटर. एवढ्या माफक जोरावर गादीतला तंतू काढायचा, म्हणून सगळी मदार तोंडाच्या घडणीवर येते.

ओढणे आणि फुंकणे यांतला फरक घरबसल्या तपासता येतो. पेटलेली मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ज्योत विझवायचा प्रयत्न केला तर ती हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोत बनून जाते, ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. कारखान्यांतली धूळ काढणारे अभियंते याचा एक ठोकताळा वापरतात: नळीच्या तोंडापासून तोंडाच्या रुंदीएवढे दूर गेले की हवेचा वेग सुमारे एक दशांशावर येतो. फुंकलेल्या झोताचा वेग तेवढा उतरायला तोंडाच्या रुंदीच्या तीसपट अंतर लागते. म्हणून 3 सेंटिमीटर रुंदीची नळी केरापासून 3 सेंटिमीटर वर धरली तर मोटार कितीही आवाज करो, तंतू जागचा हलत नाही. तोंड केराला टेकलेच पाहिजे. पण जागा तर तऱ्हेतऱ्हेच्या. गादी सपाट, शिवण अरुंद, जाळी खरखरीत, पंख्याचे पाते वाकडे. तोंड सुटे करून बदलता येण्याची गरज इथूनच निघते.

केर ओढून घेण्याची कल्पना मुळात फुंकण्यातूनच निघाली. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने जोराच्या हवेने धूळ उडवणारे एक यंत्र पाहिले. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसत होती. बूथने खुर्चीच्या कापडावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, तर रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्याने बनवलेले यंत्र घोडागाडीवरून आणावे लागे. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जात. माणसाला हाताळता येईल असे विजेचे यंत्र केले ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँग्लर यांनी. ते एका दुकानात झाडलोट करत आणि त्यांना दम्याचा त्रास होता. पंख्याची मोटार, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा एवढ्यावर त्यांनी यंत्र उभे केले. 1908 साली त्यांना पेटंट मिळाले आणि पुढे ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतले. झाडणाऱ्या माणसाच्या छातीत धूळ जाते म्हणून हे यंत्र घरोघरी आले, ही गोष्ट कापसाच्या गावांनी लक्षात ठेवावी अशी आहे. गिरण्यांत वर्षानुवर्षे कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना बायसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे.

तारेवाचून चालणारे हातातले यंत्र बरेच उशिरा आले. 1971 मध्ये अपोलो 15 चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हा तिथली माती खोलवरून काढायला त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारे छिद्रयंत्र होते. त्याची मोटार कमीत कमी विजेवर चालावी म्हणून ब्लॅक अँड डेकर कंपनीने बरीच आकडेमोड केली होती. तोच अनुभव गाठीशी धरून 1979 मध्ये तिने ‘डस्टबस्टर’ बाजारात आणला. आपल्याकडे युरेका फोर्ब्स 1982 साली सुरू झाली आणि टाय लावलेले तिचे विक्रेते दारोदार जाऊन, लोकांच्याच गालिच्यावर यंत्र फिरवून दाखवू लागले. मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांनी व्हॅक्युम क्लीनर पहिल्यांदा पाहिला तो असाच.

खान्देशात मात्र हवेने कापूस ओढणारे यंत्र लोकांच्या ओळखीचे आहे, ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात. 2000 साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या कारखान्यांचे आधुनिकीकरण हाती घेतले. डोक्यावरून टोपल्या वाहण्याऐवजी मोठ्या पंख्याने कापूस नळीतून ओढून यंत्रापर्यंत न्यायची सोय अनेक कारखान्यांत झाली. सरकीसकट कापूस नळीत तरंगत राहायला हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या वर लागतो. वाटेत एका जागी नळी मुद्दाम रुंद केलेली असते. तिथे वेग उतरतो, कापूस पुढे जातो आणि वेचणीत चुकून आलेला खडा खाली पडतो. तंतूला न अडखळता कसे न्यायचे याचे ज्ञान जिल्ह्यातल्या फिटरांच्या हातात आहे: आतून गुळगुळीत नळी, मोठ्या वळणाचा बाक, कुठेही धार किंवा खाच नाही. एका खाचेत एक तंतू अडकला की त्याला दुसरा धरतो आणि थोड्याच वेळात बोळा तयार होतो.

हातातल्या यंत्राला हेच गणित लावून पाहू. त्याचा पंखा सेकंदाला 10 लिटर हवा ओढतो असे धरू. 32 मिलिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडातून ती हवा सेकंदाला साधारण 12 मीटर वेगाने जाईल. आता तिथे 40 बाय 6 मिलिमीटरची चपटी नळी लावली, की जागा तिसऱ्या हिश्श्यावर येते. तेवढीच हवा गेली असती तर वेग 40 मीटरपर्यंत चढला असता. प्रत्यक्षात अरुंद वाटेमुळे हवा कमी येते, तरीही वेग चांगलाच वाढतो. म्हणून शिवणीतली माती चपट्या नळीने निघते. पण कापसाच्या बोळ्यासाठी तीच नळी घातक ठरते, कारण 6 मिलिमीटरच्या फटीत तो अडकणारच. तोंड पूर्ण बंद झाले की मोटारीचा आवाज एकदम चिरका होतो. जोर वाढला असे ऐकणाऱ्याला वाटते. खरे तर पंख्याला ढकलायला हवाच उरलेली नसते, म्हणून तो मोकाट फिरत असतो. अनेक यंत्रांत मोटार थंड राहते ती याच हवेने, त्यामुळे तो आवाज येताच बटण बंद करावे.

तंतूसाठी रुंद, आतून गुळगुळीत आणि कडेला आखूड केस असलेले तोंड बरे. फिरत्या ब्रशचे तोंड जाहिरातीत छान दिसते, पण कापसाच्या घरात त्या रुळाला तंतूचे वेढे बसतात आणि ते कात्रीने कापत बसावे लागते.

तोंड सुटे केले की एक नवा सांधा तयार होतो, आणि यंत्राची खरी परीक्षा तिथे होते. 32 मिलिमीटरच्या तोंडाभोवती चारी बाजूंनी 1 मिलिमीटरची फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस मिलिमीटर भरते. चपट्या नळीचे सगळे तोंड 240 चौरस मिलिमीटरचे! बरीचशी हवा केरातून येण्याऐवजी सांध्यातूनच आत शिरते आणि खरेदीदार मोटारीला दोष देतो. चांगल्या घडणीत सांधा किंचित निमुळता असतो, म्हणजे दाबला की घट्ट बसतो. नाहीतर फिरवून अडकवायची खाच किंवा बटणाची कडी असते आणि आत रबराची कडा. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोंडामागची रबरी झडप. यंत्र चालू असताना हवा तिला उघडते, बंद केले की ती मिटते. ती नसेल तर तोंड काढताक्षणी गोळा केलेला केर परत गादीवर सांडतो.

आता आत गेलेल्या मातीचे काय, तर त्याचे उत्तर जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलच्या छपरावर उभे आहे. पत्र्याचे ते मोठे उलटे शंकू म्हणजे सायक्लोन. धुळीची हवा त्यात कडेने शिरते, गोल फिरते, जड कण भिंतीला घासून खाली घसरतात आणि हलकी हवा मधून वर जाते. ब्रिटनच्या जेम्स डायसन यांनी लाकडाच्या वखारीवरचा असाच शंकू पाहून घरगुती यंत्रात सायक्लोन बसवायचे ठरवले. त्यासाठी 5,127 नमुने केले आणि 1993 मध्ये स्वतःच्या नावाचे यंत्र बाजारात आणले. सायक्लोन जाडी धूळ गाळणीपर्यंत पोचूच देत नाही. 2 मायक्रॉनची काळी माती मात्र छोट्या यंत्राच्या सायक्लोनमधून बऱ्याच अंशी निसटते. ती अडवायला घडीची बारीक गाळणीच लागते. ‘हेपा’ म्हणवणाऱ्या गाळणीने 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवावेत, असा अमेरिकेतला दंडक आहे. गाळणी हलकी असेल तर हे यंत्र समोरून माती घेते आणि मागून तीच, आणखी बारीक करून चाळल्यासारखी, खोलीत सोडते. दम्याच्या माणसासाठी हे केरसुणीपेक्षा वाईट.

वॅटच्या आकड्याला भुलू नये, हे युरोपने कायद्यानेच सांगितले. तिथे सप्टेंबर 2014 पासून 1,600 वॅटहून आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटहून मोठ्या घरगुती व्हॅक्युम क्लीनरच्या विक्रीला मनाई झाली. वॅट हा विजेच्या खर्चाचा आकडा आहे, सफाईचा नाही. बॅटरीचा हिशेबही सोपा आहे. 11.1 व्होल्ट आणि 2,000 मिलिअँपिअर-तास म्हणजे 22 वॅट-तास. 100 वॅटची मोटार त्यावर जेमतेम 13 मिनिटे चालेल. भारनियमनाच्या गावात तेवढी मिनिटेही मोलाची आहेत, पण अख्खे घर त्यात झाडून होणार नाही, हे घेण्याआधी समजून घ्यावे.

बाजारात एकाच चेहऱ्याची दहा यंत्रे दिसतात, पण चेहऱ्यावरून आतले कळत नाही. भारतात 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी मिळते ती वस्तूच्या बाह्य रूपाला, 10 वर्षांसाठी आणि आणखी 5 वर्षे वाढवून. आतली युक्ती त्यात येत नाही. तिच्यासाठी 20 वर्षांचे पेटंट वेगळे. दिसायला सारख्या दोन यंत्रांत सांधा, झडप आणि गाळणी अगदी निराळ्या दर्जाची असू शकतात.

म्हणून जळगावात, पाचोऱ्यात किंवा चाळीसगावात दुकानात गेलात तर यंत्र हातात घ्या. तोंड दहा वेळा काढा, दहा वेळा बसवा आणि सांध्याला बोट लावून हवा शिरते का पाहा. गाळणी धुता येते का आणि सुटी विकत मिळते का, हे विचारा. धुतलेली गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. सोबत कापसाचा एक बोळा न्या आणि तो यंत्राला ओढायला लावा. आणि खान्देशातल्या अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनच्या मुलामुलींनी कधीतरी जिनिंगच्या फिटरशेजारी बसून, कापसाच्या घरासाठी एक रुंद, न तुंबणारे तोंड घडवावे. त्याला नवी मोटार लागत नाही, नवी बॅटरी लागत नाही. बाजारातल्या यंत्राला बसेल असा प्लास्टिकचा एक सुटा भाग पुरेल.