हॅन्डल थरथरते तेव्हा

लुना, एम-८०, स्कूटरेट आणि हल्लीच्या बॅटरीवरच्या छोट्या गाड्या यांना आपण तोंडाने गाडी म्हणतो, पण मनातून सायकलचीच धाकटी बहीण समजतो. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर. १९७२ साली कायनेटिकची ५० सीसीची लुना आली आणि कारकून, शिक्षिका, दूधवाले असे सगळेच तिच्यावर बसले. २०२४ साली ती विजेवर चालणारी होऊन परत आली. तिचा वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जातो. ‘एवढ्याशा गाडीला हेल्मेट कशाला?’ हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

सिंहगडावरून खाली येताना किंवा कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना गाडीचा वेग आपोआप वाढतो. अशा वेळी कधी कधी हॅन्डल स्वतःच डावी-उजवीकडे थरथरू लागते. सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा. रुग्णालयातील स्ट्रेचर जोरात ढकलले की त्याचे पुढचे चाक फडफडते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. प्रकार तोच. चाक सरळ होऊ पाहते, पण सरळ रेषेवर न थांबता पलीकडे जाते, परत येते, पुन्हा पलीकडे जाते. एरवी टायरचा व सांध्यांचा विरोध आणि आपले हात हा हेलकावा जिरवतात. वेग वाढला किंवा गाडीत ढिलाई असली की तो जिरत नाही.

ही ढिलाई बहुधा कोनसेटमध्ये, म्हणजे हॅन्डल ज्या छर्‍यांवर फिरते तेथे असते. गाडी मुख्य स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि खालून फोर्क पुढे-मागे ओढून पाहावा. ‘खट्‌’ असे जाणवले तर कोनसेट सैल आहे. हॅन्डल फिरवताना मध्येच अडकले तर छर्‍यांची जागा झिजली आहे. चाक आउट असणे, आरे सैल असणे, टायरमध्ये हवा कमी असणे ही इतर कारणे. आणखी एक कारण आपण स्वतः निर्माण करतो: मागच्या कॅरियरवर दुधाच्या किटल्या, गॅसचे सिलिंडर किंवा धान्याचे पोते. मागे भार पडला की पुढचे चाक हलके होते आणि हॅन्डल सहज हलू लागते. सामान शक्यतो खाली व पुढे ठेवावे. मोबाइल कानाला लावण्यासाठी एक हात सोडणे म्हणजे तर हेलकाव्याला मोकळे रान देणे होय.

थरथर सुरू झालीच तर पुढचा ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा, अंग थोडे पुढे झुकवावे, दोन्ही हातांनी हॅन्डल धरावे पण कोपरे ताठ करू नयेत. वेग उतरला की थरथर बहुतेक वेळा थांबते.

नाही थांबली तर माणूस पडतो. दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आपटले तर ते ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आपटते, आणि हे गाडी उभी असताना! म्हणून गाडी लहान असल्याचा डोक्याला काहीही उपयोग नाही. हेल्मेटमधला थर्मोकोलचा थर चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. विविध देशांतील ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा विरोधात आंदोलने झाली. सक्तीवर वाद जरूर घालावा. कवटीच्या हाडाबद्दल मात्र वादाला जागा नाही.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, हनुवटीपर्यंत झाकणारे असावे आणि पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. आपल्याकडे चेहर्‍याला बांधतात तो स्कार्फ धूळ अडवतो, डांबर नव्हे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे तळवे सोलवटतात, मनगट व गळपट्टीचे हाड मोडते. साधे चामड्याचे हातमोजे, जाड कापडाची पूर्ण बाह्यांची कपडे आणि घोटा झाकणारे बूट यांनी कातडी पुष्कळ वाचते. ओढणी व साडीचा पदर मात्र खोचूनच बसावे.

पडलेला माणूस उठून बोलू लागला म्हणून निर्धास्त होऊ नये. कवटी व मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असेल तर तो काही तास अगदी ठीक वाटतो आणि मग बेशुद्ध होतो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमी नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. काढावेच लागले तर एकाने मान व जबडा खालून स्थिर धरावा आणि दुसर्‍याने हेल्मेट सावकाश सरळ वर काढावे.