निरोगी बाईचं रक्त कशाला?

ल्यूपस झालेल्या बाईचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आलं, की त्याच दिवशी तिच्या वयाच्या एखाद्या निरोगी बाईचं रक्तही मला हवं असतं. ओपीडीत सोबत आलेल्या मावशी, वहिनी हमखास विचारतात, "मॅडम, मला काहीच झालेलं नाही. माझं रक्त कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं सगळं संशोधन त्याच्याच उत्तराभोवती फिरतं.

ल्यूपसमध्ये जंतूंशी लढणारी प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक तरुण. पण स्वतःवर उलटू शकतील अशा पेशी तुमच्या-माझ्या रक्तातही असतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशींची परीक्षा होते. आपल्याच शरीराला घट्ट चिकटणाऱ्या पेशी तिथेच मरतात, तरी काही निसटतात. १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांची एएनए, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी केली. रक्तद्रव १:४० इतका पातळ केला तेव्हा ३० टक्क्यांहून अधिक जण पॉझिटिव्ह निघाले, १:१६० ला सुमारे ५ टक्के. म्हणून नुसता एएनए पॉझिटिव्ह आल्यावर कुणी घाबरून जाऊ नये. लक्षणं आणि इतर तपासण्या पाहूनच डॉक्टर निदान करतात.

मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? याचं मोठं उत्तर जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दिलं. त्यांनी टी-पेशींमधला एक छोटा गट वेगळा काढला आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. उंदरांचे अवयव या पेशींच्या हल्ल्याला बळी पडले. तो गट परत दिला, तर आजार टळला. पालखीच्या समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की हजारो वारकरी शांत होतात, तशा या नियंत्रक टी-पेशी इतर पेशींना आवरतात. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. या पेशी घडण्यासाठी तेच लागतं, हे पुढे सिद्ध झालं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आम्ही या नियंत्रक पेशी मोजतो आणि त्यांचं काम तपासतो. रक्त फायकॉल नावाच्या द्रवावर हळूच, थर न मोडता सोडायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. मधे पांढुरकं कडं दिसतं, त्यातल्या पेशी पिपेटने उचलायच्या. फॉक्सपी३ प्रथिन केंद्रकात असतं, त्यामुळे पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पाडून रंग आत पोचवावा लागतो. मग फ्लो सायटोमीटरमधून पेशी एकेक करून जातात आणि मोजल्या जातात. त्या आकड्यांना अर्थ येतो तो निरोगी बाईच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावरच. रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर पेशी आजाराने बदलल्या की औषधाने, हे कळत नाही. म्हणून औषध सुरू होण्याआधीचा नमुना आम्हाला फार मोलाचा वाटतो. सख्खी बहीण आनंदाने रक्त देते, पण तिची बरीच जनुकं रुग्णासारखीच असतात, म्हणून तिचा नमुना वेगळा नोंदवतो.

निरोगी रक्त किती बोलतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. पुढे ल्यूपस झालेल्या १३० सैनिकांचे जुने, साठवलेले नमुने संशोधकांनी तपासले. निदानाआधीच ८८ टक्के जणांच्या रक्तात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं होती, काहींच्या तर नऊ वर्षं आधीपासून. आजार दिसण्याआधी तो रोखता येईल, ही माझी आशा त्यावरच उभी आहे.

आजची बरीच औषधं सगळीच प्रतिकारयंत्रणा दडपतात, आणि रुग्णाला साधा संसर्गही जड जातो. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्याच टी-पेशी बदलून प्रतिपिंडं बनवण्यामागच्या बी-पेशी नष्ट केल्या. २०२२ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाचही रुग्णांचा ल्यूपस शमला होता. रक्ताच्या कर्करोगासाठी अशीच कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवली, तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. हे कौशल्य आपल्याकडे आहे, ते ल्यूपसच्या रुग्णांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

तोवर रुग्णांच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णं मायेपोटी आणून देऊ नका. रुग्ण बाईची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आवरेनाशी झाली आहे. बरं वाटलं म्हणून ल्यूपसवरची हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे आणि लघवी तपासून घ्या. उद्या नवे उपचार येतील तेव्हा तिची मूत्रपिंडं शाबूत असायला हवीत.