कर्करोग आणि उंदराची साक्ष

उंदीर म्हटला म्हणजे आम्हां नागापूरकरांस धान्याची कणगी आणि कुरतडलेलें पोतें आठवतें. परंतु याच प्राण्यावर कर्करोगाच्या औषधांची परीक्षा होते. व त्यासाठीं कांहीं उंदरांच्या अंगांत मनुष्याच्या रक्तांतील पेशी वाढवितात. हें कसें व कशासाठीं, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रांत उंदरांवरून कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे यांचें नांव आदरानें घेतलें जातें. १९१७ सालीं पुण्यास जन्मलेल्या या विदुषीनें मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचें संशोधन केलें. पुढें १९८९ सालीं आपल्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत त्यांनीं आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली.

आतां साध्या उंदराची अडचण पाहूं. आपल्या रक्तांतील श्वेतपेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी होत. हल्लींचीं कित्येक औषधें कर्करोगास स्वतः मारीत नाहींत. तीं या पहारेकऱ्यांस जागें करितात. जशी किल्ली कुलपास, तशीं हीं औषधें मनुष्याच्या पेशींस बेतलेलीं असतात. उंदराच्या पेशींस तीं बहुधा लागूच पडत नाहींत.

केवळ इतर प्राण्यांच्या साक्षीवर विसंबल्यास काय होतें, तें २००६ सालीं लंडन येथें दिसलें. रक्ताचा कर्करोग व संधिवात यांसाठीं शोधलेलें एक औषध सहा निरोगी तरुणांस प्रथमच टोंचण्यांत आलें. प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेचा तो केवळ ५०० वा अंश होता. तरी सहाही जण कांहीं तासांतच अत्यवस्थ झाले, कारण त्यांच्या श्वेतपेशी बेफाम उसळल्या. सुदैवानें सर्वांचे प्राण वाचले.

म्हणून शास्त्रज्ञ विशेष जातीचे उंदीर वापरतात. ज्यांच्या अंगीं जन्मतःच रोगप्रतिकारशक्ति नाहीं, अशा उंदरांचें वर्णन १९८३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. व १९८८ सालीं त्यांच्या ठायीं मानवी पेशी रुजविण्यांत यश आलें. आज नवजात बालकाच्या नाळेंतील रक्तांतून मूळपेशी घेऊन अशा उंदरास देतात. त्या त्याच्या अस्थिमज्जेंत वस्ती करितात, व कांहीं महिन्यांत त्याच्या रक्तांत मनुष्याच्या श्वेतपेशी वाहूं लागतात. मग रोग्याच्या गांठीचा कण त्याच्या अंगांत वाढवून कांहीं उंदरांस औषध देतात, कांहींस देत नाहींत, आणि दोहोंच्या गांठी मोजून पाहतात.

मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा मेमोरियल सेंटर यांनीं रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर जो उपचार सिद्ध केला, त्यांतही याच जातीची युक्ति होती. कर्करोग ओळखण्यास शिकविलेल्या मानवी श्वेतपेशींचा प्रभाव प्रथम मानवी कर्करोग वाढविलेल्या उंदरांत पाहिला गेला, नंतर रोग्यांत. व २०२३ सालीं सरकारची परवानगी मिळाली.

तथापि ही साक्ष अपुरी आहे. उंदरांतील मानवी पहारा पूर्ण नसतो. आणि कित्येकदां त्या पेशी उंदराच्याच देहास परका समजून त्यावर तुटून पडतात. त्या मुक्या जीवास क्लेश होतात, हेंही विसरतां येत नाहीं. आपल्या देशांत १९६० च्या कायद्यान्वयें अशा प्रयोगांवर देखरेख असते, व विनाकारण वेदना देणें निषिद्ध आहे.

पालकांस आमची एकच विनंति आहे. “उंदरांतील कर्करोग बरा झाला” अशी वार्ता वाचून कोणीं चालू उपचार सोडूं नये. उंदरांतील यश म्हणजे पुढें मनुष्यांत सावधपणें परीक्षा करून पाहण्याची मुभा. तें रोग बरा होण्याचें वचन नव्हे. आणि विद्यार्थिमित्रहो, साक्ष कोणाची व ती कोठवर धरावी, हें तपासणें हाच शास्त्राचा पहिला धडा होय.