कामावरील इजा आणि मालकाचें देणें

जामखेडाहून खर्ड्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या नात्यांतल्या एका कुटुंबाचा मळा आहे. २०२२ सालच्या फाल्गुनांत तेथें ज्वारीची मळणी चालू होती. मळणीयंत्रांत कणसें सारतां सारतां सालगड्याचा उजवा हात आंत ओढला गेला. आंगठा तेवढा वांचला, चारी बोटें गेलीं. यंत्राच्या तोंडावरचा पत्रा काम झपाट्यानें व्हावें म्हणून घरच्यांनींच काढून ठेवला होता, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

दवाखान्याचा खर्च त्यांनीं विनातक्रार केला. पुढें काय, हें ठरविण्यास माजघरांत मंडळी बसली. काका म्हणाले, “पन्नास हजार देऊं. ‘माझें कांहीं येणें राहिलें नाहीं’ असें स्टँपावर लिहून घेऊं. निष्काळजीपणा त्याचाच, तरी आपण माणुसकी सोडणार नाहीं.” त्यांच्या धाकट्या सूनबाई कायद्याच्या पदवीधर आहेत. त्यांनीं विचारलें, “मामंजी, हे पन्नास हजार कोणत्या हिशेबानें?” काकांपाशीं हिशेब नव्हता, मनांत आलेला आंकडा होता.

हिशेब कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींच मांडून ठेवला आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. तत्पूर्वीं गिरणींत हात तुटलेल्या मजुरास दिवाणी कोर्टांत जाऊन मालकाची हयगय शाबीत करावी लागे, आणि तें त्याच्या आवांक्यांतलें नव्हतें. नव्या कायद्यानें प्रश्नच पालटला. इजा कामामुळें आणि काम चालू असतां झाली काय, एवढेंच पाहावयाचें. मजूर बेसावध होता, ही मालकाची सबब नव्हे. तो नशेंत असेल, सुरक्षिततेसाठीं दिलेला स्पष्ट हुकूम त्यानें जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक साधन त्यानें स्वतः मुद्दाम काढलें असेल, तर गोष्ट वेगळी. आणि मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असतां ह्या सबबीहि चालत नाहींत. २०१० पासून ह्या कायद्याच्या नांवांत ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आलें, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. मूळ तत्त्व मात्र कायम आहे.

आतां आंकडा. गड्यास सालाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे महिना १२ हजार पडत. पूर्ण अपंगत्वास पगाराचे शेंकडा ६० धरून वयाच्या गुणकानें गुणावयाचें असतें. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७, तेव्हां रक्कम १३ लाख २६ हजार २४ रुपये झाली. एका हाताचीं चार बोटें जाणें म्हणजे कमाईच्या शक्तीची निम्मी हानि, असें कायद्याच्या परिशिष्टांतच लिहिलेलें आहे. त्याचें अर्ध, ६ लाख ६३ हजार १२ रुपये. शेतांत यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांवर राबणारा मजूरहि ह्या कायद्याखालीं येतो. मालक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गिरणीचें धुराडें येतें. माजघरांत पानसुपारी घेत बसलेले आपण स्वतः येत नाहीं!

आणि तो स्टँप? हक्क सोडून दिल्याचा असा कागद कायद्यानें निरर्थक ठरविला आहे. तडजोड करावयाची तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते. कामगार दगावला असेल तर सर्व रक्कम आयुक्तांकडेच भरावयाची. विधवेच्या हातीं परस्पर दिलेले पैसे, कांहीं थोडी उचल वगळतां, भरपाई म्हणून मोजले जात नाहींत. देणें निघाल्यापासून महिन्याच्या आंत चुकतें न केल्यास जुन्या कायद्यांत शेंकडा १२ व्याज होतें, शिवाय सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

‘काम चालू असतां’ ही मर्यादा कोठपर्यंत पोंचते, ह्याचा निकाल आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील एका प्रकरणीं लागला. साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजीं पहाटे तीनच्या पाळीस मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पांच किलोमीटरांवर राहिला असतां अपघातांत मरण पावला. मागें बायको, चार मुलें, आई. तेथील आयुक्तांनीं २००९ सालीं ३ लाख २६ हजार १४० रुपये व व्याज मंजूर केलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०११ सालीं तें रद्द केलें. वाटेवरचा अपघात कामाचा नव्हे, असें ठरलें. सर्वोच्च न्यायालयानें २९ जुलै २०२५ रोजीं पहिला निवाडा पुन्हा उभा केला. घरून कामावर जाण्याची वेळ, स्थळ व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध दिसत असेल, तर तो अपघात कामावरचाच. नव्या संहितेंत हें स्पष्ट शब्दांत आलें आहे. बावीस वर्षें त्या कुटुंबानें कशीं काढलीं असतील, हें निकालपत्रांत कोठून येणार?

जामखेड तालुक्यांतून कोयता घेऊन दूरच्या कारखान्यांवर ऊस तोडावयास जाणाऱ्यांची अडचण निराळी. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादमापाशीं देण्यासारखें कांहीं नसतें. कंत्राटदाराच्या मजुराबद्दल मूळ मालकास जबाबदार धरतां येतें. परंतु अपघाताची जागा त्या मालकानें काम पत्करलेली किंवा त्याच्या ताब्यांतील असावी लागते, आणि ऊस तर दुसऱ्याच्या शेतांत उभा असतो. एक सोय तेवढी १९९५ च्या दुरुस्तीनें झाली: अपघात परमुलखांत घडला तरी अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यांत करतां येऊं लागला. मात्र जुन्या कायद्यानें अर्जाची मुदत दोनच वर्षें होती, आणि अपघाताची खबर मालकास तांतडीनें द्यावी लागे.

काकांनीं तीन दिवस कोणाशीं भाषण केलें नाहीं. ट्रॅक्टरचा विमा होता, माणसाचा नव्हता. शेवटीं वरच्या मजल्यासाठीं बँकेंत ठेवलेली ठेव मोडली आणि आयुक्तांकडे नोंद करून पूर्ण रक्कम दिली. गड्यानें त्यांतून दोन गाई घेतल्या. धार तो डाव्या हातानें काढतो. वरचा मजला अजून व्हावयाचा आहे. यंत्राच्या तोंडावर पत्रा मात्र दुसऱ्याच दिवशीं बसला.