लिलावातली लेन्स: सौदा की सट्टा?

व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, ऑनलाइन लिलावातून मायक्रोस्कोपचे जुने पार्ट घेऊन विकू का?" विका, पण आधी लेन्सवर काय कोरलंय ते वाचा. १६० म्हणजे १६० मिमी ट्यूबची, ∞ म्हणजे इन्फिनिटी सिस्टीमची. आटे बऱ्याचदा दोन्हींचे सारखेच, २०.३२ मिमी. त्यामुळे लेन्स बसते झकास, प्रतिमा मात्र बिघडते. मी इथेच फसलो. शिवाय आतली बुरशी, काचांचा सुटलेला जोड फोटोत दिसत नाही. "तपासलेलं नाही" असं लिहिलंय? मला तर वाटतं, तपासलं म्हणूनच विकायला काढलं! आता मी बोली, कुरिअर, कस्टम ड्युटी मिळून सगळे पैसे बुडाले असंच धरतो. तो आकडा बघून पोटात गोळा आला, की टॅब बंद.