एका दिवसाचा सौदा, तीस वर्षांची सही

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर मफतलाल मिलच्या जुन्या आवारात आता काचेचा टॉवर आहे. त्यात ‘सीडीएसएल’ या डिपॉझिटरीचे, म्हणजे शेअर संगणकीय रूपात सांभाळणाऱ्या संस्थेचे, कार्यालय. कोट्यवधी भारतीयांच्या शेअरांची मालकी इथल्या संगणकीय नोंदींवर ठरते.

इतिहास थोडक्यात असा: 1996 साली डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी ‘एनएसडीएल’ सुरू झाली, 1999 मध्ये ‘सीडीएसएल’. त्याआधी शेअर विकायचा म्हणजे सर्टिफिकेटाला हस्तांतराचा अर्ज जोडा, मुद्रांक लावा, कंपनीकडे पाठवा. सही जराशी वेगळी पडली की कागद परत. दलाल स्ट्रीटच्या भाषेत ‘बॅड डिलिव्हरी’.

कागद गेला, पण सौदे झटपट मिटण्यामागची खरी करामत क्लिअरिंग कॉर्पोरेशनची. ती खरेदीदार आणि विक्रेता यांच्या मधे उभी राहते आणि दोघांनाही हमी देते. दलालाने दिवसभरात एका कंपनीचे 1,000 शेअर घेतले आणि 900 विकले, तर त्याचे येणे फक्त 100 शेअर. या वजाबाकीमुळेच प्रचंड उलाढाल थोड्या हालचालीत मिटते. 2003 मध्ये सौदा दोन दिवसांत पुरा होऊ लागला. 27 जानेवारी 2023 पासून सर्व शेअरांसाठी एका दिवसात. अमेरिका तिथे मे 2024 मध्ये पोचली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट.

2019 च्या ‘कार्वी’ या दलाली कंपनीच्या प्रकरणाने मात्र एक उघडे दार दाखवले. ग्राहकांचे शेअर दलालाने स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकले होते. बाजार नियामक ‘सेबी’च्या आदेशानंतर 80 हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आणावे लागले. खरेदी केलेले शेअर 2025 पासून दलालाच्या खात्यात न थांबता थेट ग्राहकाच्या डीमॅट, म्हणजे संगणकीय, खात्यात जमा होतात. हे आधीच व्हायला हवे होते.

आणि तरीही कागदी शेअरांच्या काळातली ती सही सुटलेली नाही. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकता येत नाहीत. आधी डीमॅट करावे लागतात. जुनी सर्टिफिकेटे डीमॅटसाठी दिली की कंपनीचा शेअर रजिस्ट्रार त्या अर्जावरची सही कंपनीच्या जुन्या नोंदीशी ताडून बघतो. पंचेचाळिशीत केलेली ठसठशीत सही पंचाहत्तरीत थरथरते. मग बँकेकडून सही प्रमाणित करून आणा, सोबत रद्द केलेला धनादेश जोडा. पॅनवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर आणखी कागद. सहधारक वारला असेल तर मृत्यूचा दाखला.

मूळ धारकच गेला आणि नॉमिनी नसेल, तर वारसांची धावपळ वर्षानुवर्षे चालू शकते. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर तर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. ते परत मिळवायचे तर आधी ऑनलाइन अर्ज, मग कंपनीकडे कागद, मग कंपनीचा पडताळणी अहवाल, शेवटी त्या निधीच्या प्राधिकरणाची मंजुरी.

सौदा त्याच दिवशी पुरा करण्याचा ऐच्छिक प्रयोग मार्च 2024 मध्ये 25 शेअरांपासून सुरू झाला. त्यात खर्च केलेल्या बुद्धीचा थोडा वाटा या वारसांच्या अर्जांना मिळायला हवा. पुढचे काही तास वाचवण्यापेक्षा ती निकड मोठी आहे.